बिनक्लचची गाडी

हिंदुरावांचा डावा पाय स्वप्नात अजून चांगला आहे. जागेपणी तो गुडघ्याखाली नुसता सोबतीला असतो. नेईल तिकडे येतो, पण सांगितलेलं ऐकत नाही. स्वप्नात मात्र तो टेम्पोच्या क्लचवर असतो. दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, आणि टेम्पो उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे घेऊन, दुकानांच्या पाट्या चुकवत, पाण्यातून होडी जावी तसा निघतो. पहाटे बनूबाईंना जाग येते तेव्हा नवऱ्याचा हात हवेत गिअर टाकत असतो.

"कुठवर पोचलात?" त्या विचारतात.

"शहाड," हिंदुराव डोळे न उघडता सांगतात.

"मग उतरा आता. चहा ठेवते."

साताऱ्याकडच्या गावाहून मिसरूड फुटायच्या आधी आलेला हा माणूस. कापडबाजारात ओझी उचलली, मग क्लीनर झाला, मग स्टिअरिंग हातात आलं आणि ते हातातच राहिलं. कॅम्प तीनमध्ये ज्या गल्लीत रिक्षावाला शिरायला कां कू करायचा, तिथे हिंदुराव टेम्पो उलटा घालायचे. बायको-मुलीला बदलापूरला कात्रपमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन दिला तो याच टेम्पोच्या जिवावर. मग एका दुपारी माल उतरवताना टेम्पोचा फाळका निसटला आणि सगळा भार घेऊन त्यांच्या डाव्या पायावर आला. हाडं जुळली, पण घोटा धरला तो धरलाच. डॉक्टर म्हणाले, चालाल, देवळात जाल, बाजारात जाल, पण क्लच दाबायचं विसरून जा.

हिंदुराव काही विसरले नाहीत. खिडकीत बसून राहायचे. खालून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून म्हणायचे, "याचा तिसरा अडकतोय बघ." बनूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "अडकू दे. तुम्ही जेवून घ्या." घरात बोलणं एवढंच. चांगला हसता-बोलता माणूस जागच्या जागी विझत चालला होता, आणि त्याला कुठला डॉक्टर काय औषध देणार?

औषध दिलं ते हरेशने. कॅम्प तीनमध्ये हरेशचा जीन्स शिवायचा कारखाना, आणि हिंदुरावांनी त्याचा माल बाप-लेक दोघांच्या काळात वाहिलेला. हरेशचे वडील गेल्यावर त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी कारखान्याच्या मागे झाकून पडली होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची. हरेशने एक दिवस फोन करून बोलावून घेतलं आणि कव्हर ओढून काढलं.

"साईं, ये बाबूजी की गाडी. इसमें लेफ्ट पाँव का कामही नहीं. तुम्ही घेऊन जा, नाहीतर उंदीर घेऊन जातील."

"अरे पण क्लच..."

"क्लच है ही नहीं. क्या दबाओगे?"

हिंदुरावांनी वाकून खाली बघितलं. खरंच दोनच पेडल. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाच्या जागी नुसती मोकळी जागा, पाहुण्याला बसायला ठेवल्यासारखी. पुढे डॉक्टरांचा होकार झाला, आरटीओचे हेलपाटे झाले, आणि एका सकाळी त्यांनी गिअरची दांडी पी वरून डी वर आणली. पी म्हणजे उभी, डी म्हणजे पुढे. ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी कुणी हाक मारल्यासारखी आपली आपण हलली. टेम्पो कसा, ढकलावा तेव्हा चालायचा. ही तरंगत निघाली. कात्रपच्या रस्त्याला झाडांच्या सावल्या बॉनेटवरून वर चढत होत्या, काचेवरून सरकत होत्या, आणि शेजारी बसलेल्या बनूबाईंना वाटलं, आपण गाडीत नाही, नदीत आहोत.

त्या दिवसापासून हा माणूस पुन्हा बोलायला लागला.

दर सोमवारी दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरात जायची. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, म्हणून हिंदुराव गाडीतच थांबायचे. बनूबाई बेल वाहून, कपाळाला भस्म लावून परत यायच्या आणि बोटावर उरलेलं त्यांच्या कपाळाला लावायच्या. मग थोडं त्या स्टिअरिंगला. देव तिथून उठून गाडीपर्यंत आला, असं हिंदुरावांना वाटायचं.

गाडीची सेवाही तशीच. सकाळी आंघोळ, देवपूजा, आणि हातातलं जास्वंदीचं फूल घेऊन खाली. फूल बॉनेटवर. नमस्कार. मग बॉनेट उघडून पाणी बघायचं, इंजिनाचं तेल बघायचं, आणि शेवटी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून, फडक्याला पुसून, पुन्हा आत घालून बाहेर काढायची. पट्टीवर दोन रेघा असतात, तेल त्यांच्या मधे हवं. हिंदुरावांचं नेहमी वरच्या रेघेला टेकलेलं. "काठोकाठ," ते स्वतःशीच म्हणायचे. एवढं सगळं झाल्यावरच चावी लावायची. आधी नमस्कार, मग तेलपाणी, मग चावी. क्लीनर असताना उस्तादाने कानाला धरून शिकवलेलं होतं ते.

तर अशी गाडी एक दिवस विचित्र वागायला लागली.

आधी वळणावर. अंबरनाथहून परत येताना वळण घेतलं की इंजिनाचा आवाज उगाचच वर जायचा आणि गाडी मात्र तेवढीच. मग उतरत्या दुपारी, गाडी चांगली तापलेली असली की सरळ रस्त्यालाही. सकाळी घरातून निघताना मात्र काही नाही, शहाण्या मुलीसारखी. हिंदुराव कुणाला काही बोलले नाहीत. त्यांना ते ओळखीचं वाटत होतं, पण कुठलं ते आठवत नव्हतं. मग एका सोमवारी बदलापूरच्या उड्डाणपुलावर चढताना आठवलं. स्वप्नात आपण पळत असतो, छाती फुटेस्तोवर पळत असतो, आणि रस्ता काही मागे जात नाही. अगदी तसं. पायाखाली ॲक्सिलरेटर, इंजिन ओरडतंय, आणि गाडी हळूहळू मंदावत पुलाच्या चढावर उभी राहिली. मागे ट्रक. ट्रकच्या मागे बस. हॉर्नचा नुसता गोंधळ.

"काय झालं हो?" बनूबाईंनी पदर घट्ट धरून विचारलं.

"काही नाही. श्वास घेतेय ती."

श्वास घेऊन, गार होऊन, मागच्या पोरांनी ढकलून, गाडी कशीबशी पुलावरून उतरली. पण तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि बदलापूरच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो मुलीच्या, श्रद्धाच्या फोनवर. श्रद्धा कात्रपमध्येच राहते, शाळेत शिकवते. मनाने हळवी, त्यामुळे बोलायला कडक.

"बाबा, मागचा ट्रक थांबला म्हणून. नसता थांबला तर? आई होती गाडीत."

"होती. देवही होता."

"देवाला ब्रेक दाबायला लावू नका रोज रोज. मेकॅनिकला दाखवा. नीट होत असेल तर ठीक, नाहीतर रविवारी भंगारवाल्याला बोलावते. मी बोलले आहे त्याच्याशी."

रविवार काही लांब नव्हता. हिंदुराव गाडी सकाळच्या गारव्यात हळूहळू उल्हासनगरला घेऊन गेले. तिथल्या गॅरेजवाल्याने पहिला प्रश्न केला, "काका, गिअरबॉक्सचं तेल बघितलंय?"

हिंदुरावांना राग आला. "मला विचारतोस? रोज बघतो. काठोकाठ आहे."

इतक्या ठामपणे सांगितल्यावर तो कशाला पुन्हा बघतोय? तेल भरलेलं, तरी गाडी ओढत नाही, म्हणजे आतल्या प्लेटा जळाल्या, असा त्याने सरळ हिशेब मांडला. "डब्बा गेला काका. या मॉडेलचे पार्टही आता येत नाहीत. सोडून द्या."

हिंदुराव गाडी तशीच हळूहळू परत घेऊन आले. घरी आल्यावर खिडकीत जाऊन बसले. खालून कितीतरी गाड्या गेल्या, पण कुठल्या गाडीचा काय अडकतोय ते काही त्यांनी सांगितलं नाही. ते काही बोलतात का, याची बनूबाईंनी दोन गाड्या जाईपर्यंत वाट बघितली. मग पायात चपला घातल्या आणि शेअर रिक्षाने एकट्याच अंबरनाथला गेल्या. देवळाबाहेर बेल विकणाऱ्या मावशी त्यांच्या ओळखीच्या. मावशींचा जावई मिलिंद आनंदनगरच्या एमआयडीसीत फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो, आणि कारखान्यात माल उचलणाऱ्या कितीतरी फोर्कलिफ्टना क्लच नसतो, हे मावशींनी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. बनूबाईंनी ते नीट ध्यानात ठेवलेलं.

शुक्रवारी, तिथल्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मिलिंद आला. तिशी ओलांडलेला, शांत, थोडा झोपाळू वाटेल असा माणूस. आल्या आल्या गाडीत हिंदुरावांच्या शेजारी बसला आणि चपला काढून ठेवल्या.

"हे काय?" हिंदुराव म्हणाले.

"पायाला कळतं काका. तुम्ही नेहमी जाता तसे चला. मला काही सांगू नका, मी काही विचारत नाही."

बनूबाई मागे बसल्या, मनात नमः शिवाय चालू. गाडी निघाली. मिलिंदने डोळे मिटले होते आणि अनवाणी तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवले होते. झोपला की काय, असं बनूबाईंना वाटलं. शिरगावच्या बाजूला एक मोठा फेरा झाला, गाडी तापली, आणि एका वळणावर इंजिनाने तो उगाचचा आवाज काढला. मिलिंदने डोळे न उघडता मान हलवली, भजनात एखाद्याने जागेवर सम गाठली की हलवतात तशी. पुढे एक लहानसा चढ आला. इंजिन ओरडलं, गाडी मागे राहिली.

"कसं वाटतं काका तुम्हाला, असं झालं की?"

"खरं सांगू? स्वप्नात पळाल्यासारखं."

"बरोबर," मिलिंद म्हणाला. त्याला ते मुळीच नवल वाटलं नाही. "वळणावर आधी झालं, मग चढावर, असंच ना? गाडी कलली की. पुढे सपाटी आली की सावलीला घ्या. इंजिन बंद करू नका."

पिंपळाखाली गाडी उभी राहिली. मिलिंदने हिंदुरावांना ब्रेकवर पाय ठेवायला सांगितला आणि दांडी सगळ्या जागांवरून एकेकदा सावकाश फिरवून आणली. आर, एन, डी, आणि परत पी.

"तेल कधी बघता?"

"रोज. पूजा झाल्या झाल्या. काठोकाठ असतं."

"गाडी चालू करायच्या आधी?"

"मग? आधी नमस्कार, तेलपाणी, मग चावी. तू काय चावी लावून नमस्कार करतोस?"

मिलिंद हसला, खाली उतरला आणि बॉनेट उघडून हात आत घातला. हिंदुराव काचेतून ओरडले, "अरे, चालू इंजिनात पट्टी काढतोस? येडा का काय! कुणी शिकवलं तुला?"

त्याने पट्टी पुसली, आत घातली, काढली, आणि आडवी धरून खिडकीशी आणली. खालच्या रेघेच्याही खाली, नुसतं टोक ओलं होतं. बाकी पट्टी कोरडी.

हिंदुराव बघत राहिले. पिंपळाची पानं वर सळसळत होती, त्यांच्या सावल्या त्या कोरड्या पट्टीवर हलत होत्या. इतकी वर्षं रोज, न चुकता, आंघोळ करून आपण हे बघत होतो.

"हे तेल कुठे गेलं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"थोडं गळलंय, ते सापडेल. पण दिसलं का नाही, ते सांगतो. सोसायटीची खालची टाकी, काका. पंप लावायच्या आधी बघितली तर भरलेलीच दिसणार. पंप लागला, पाणी वर चढलं, की मग खाली किती उरलं ते खरं. गाडी रात्रभर उभी, सगळं तेल उतरून खाली येऊन बसलेलं. तुम्ही सकाळी बघता तेव्हा काठोकाठ. चावी लावली की ते वर चढतं आणि खाली शोषायला काही उरत नाही. टेम्पोच्या इंजिनाचं बंदच बघायचं असतं. याचं चालू आणि तापलेलं बघायचं."

मग मागच्या सीटवरून बनूबाई म्हणाल्या, "म्हणजे रोज विचारत होतात, पण ती झोपेत असताना विचारत होतात. झोपलेल्या माणसाला भूक लागली का विचारलं, तर तो काय बोलणार?"

हिंदुरावांना हसू आलं. "आता पुढचं सांग," ते मिलिंदला म्हणाले. "उपाशी चाललीय एवढे दिवस. आतून गेली का?"

खरा प्रश्न तोच होता. तेल काय, बाटलीभर ओतता येतं. पण कमी तेलावर आतल्या प्लेटा घासून जळाल्या असतील, तर उल्हासनगरचा गॅरेजवाला चुकीच्या वाटेने का होईना, बरोबर जागी पोचला होता, आणि रविवारी भंगारवाला यायचा होता.

मिलिंदने पट्टीचं टोक पांढऱ्या फडक्यावर टेकवलं. हे तेल मुळात लाल असतं, सरबतासारखं. फडक्यावरचा डाग कोकमाच्या आगळासारखा गडद होता. त्याने वास घेतला, आणि फडकं बनूबाईंपुढे धरलं. "काकी, तुम्ही बघा. घरात करपल्याचा वास पहिला कुणाला येतो?"

बनूबाईंनी डोळे मिटून वास घेतला. "लागलंय," त्या म्हणाल्या. "पण करपलं नाही. दूध तळाला धरतं ना, तसं. वरचं चांगलं आहे."

"मलाही तसंच वाटतंय. पण आत बघितल्याशिवाय शब्द देणार नाही."

जवळच्या दुकानातून आणलेलं तेल मिलिंदने चालू इंजिनावर थोडं थोडं घातलं आणि तिघं हळूहळू आनंदनगरला त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. सुट्टीमुळे सगळा भाग शांत. एरवी धडधडणारे कारखाने दुपारी आडवे झाल्यासारखे पडलेले. मिलिंद गाडीखाली गेला, आणि तेल थंड करायला पुढे जाणारा एक पाइप त्याला सापडला, जोडाशी ओला. गाडी चालली, तापली, की तेवढाच घाम यायचा. उभी राहिली की बंद. म्हणूनच खाली जमिनीवर कधी थेंब दिसला नव्हता.

पाइप बदलला. मग त्याने गिअरबॉक्सच्या खालचं चेंबर सोडवलं. ताटाएवढं ते, आणि त्याच्या तळाशी लोहचुंबकाचा एक तुकडा, आतून झिजून येणारं लोखंड धरून ठेवायला. हिंदुराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मिलिंदकडे बघितलं नाही, पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा फरशीवरून सरकत होता तो बघत राहिले. असं त्यांना इस्पितळात बसल्यावर व्हायचं. वेळ लांबत जायचा आणि आवाज दुरून यायचे.

"काका, बोट द्या."

मिलिंदने चुंबकावरची करडी पेस्ट त्यांच्या बोटावर ठेवली. "चोळा. टोचतंय का?"

हिंदुरावांनी अंगठ्याने चोळलं. मऊ होतं. फार मऊ, कपाळाला लावायच्या भस्मासारखं. त्यांनी पुन्हा चोळलं, कुठे एखादा कण लागतोय का ते शोधत. नव्हता.

"टोचत नाही."

"मग जिवंत आहे. लोखंडाचा कीस निघाला असता तर मीच म्हणालो असतो, सोडून द्या. प्लेटांचं थोडं आयुष्य गेलंय, ते परत येणार नाही. घाट चढायचे नाहीत. बारवी धरणाकडे कधी गेलात तर रमतगमत. किती चालेल ते मी सांगू शकत नाही."

"माझं तरी कोण सांगतंय," हिंदुराव म्हणाले.

तेल सगळं नवीन घातलं. निघताना मिलिंदने एकच अट घातली. "चालू इंजिनात पट्टी तुम्ही काढायची नाही. पायावर तोल गेला आणि हात पंख्यात गेला तर? तुम्ही ब्रेकवर बसा, पट्टी काकी बघतील."

"मी?" बनूबाई म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतं?"

"वास कळला तसंच कळेल."

रविवारी सकाळी श्रद्धा आली. काय काय झालं ते तिने फोनवर ऐकलं होतं, पण मन मानत नव्हतं. "भंगारवाला निघालाय," ती म्हणाली. "त्याला अजून काही सांगितलं नाही मी. आधी पूल चढून दाखवा. चांगली तापल्यावर. मी पण बसणार आहे, कळलं?"

"बस की. पण आधी तेल."

थोडं फिरून, गाडी तापवून, हिंदुरावांनी ती सपाटीला उभी केली. इंजिन चालू. दांडी सगळ्या जागांवरून फिरवून पी वर. बॉनेट वर गेलं आणि समोर सगळं झाकलं. पलीकडे काय चाललंय ते त्यांना दिसेना. नुसत्या बनूबाईंच्या बांगड्या वाजल्या. आयुष्यभर त्यांनी तेल स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, उस्तादावरसुद्धा कधी सोडलं नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. बनूबाई पट्टी पुसून पुन्हा घालत होत्या.

"दोन रेघांच्या मधे. वरच्या रेघेला जरा कमी."

"नक्की?"

"मग या बघायला," पलीकडून आवाज आला.

हिंदुराव गेले नाहीत. "बस गाडीत," ते म्हणाले.

पूल समोर आला. श्रद्धाने पुढच्या सीटची पाठ धरली होती. चढ लागला. हिंदुरावांनी पाय थोडा दाबला, आणि इंजिनाचा आवाज जेवढा वाढला तेवढीच गाडीही वाढली, हातात हात घालून चालल्यासारखी. पुलाचा कठडा, त्यापलीकडच्या इमारती, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, सगळं हळूहळू खाली जायला लागलं. मग माथा आला आणि पलीकडे डोंगर दिसले, निळे, अर्धवट ढगात. हिंदुरावांनी पाय सैल सोडला. गाडी तरंगत उतरायला लागली.

श्रद्धाच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने बघितलं. "आला वाटतं तो. बिल्डिंगखाली उभा आहे."

"काय सांगणार?" बनूबाईंनी विचारलं.

श्रद्धाने फोन कानाला लावला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो भाऊ... नाही, आता नका थांबू. गाडी बाहेर गेलीय."